अकराचं सभागृह बाराला

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या आसपास संध्याकाळी जे कट्टे भरतात, त्यातल्या एकावर सध्या एकच वाद चालू आहे. एका बाजूला अण्णा : अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, 1971 च्या लढाईच्या वेळी तिथं नुकतेच चिकटलेले. दुसऱ्या बाजूला बाई : कल्याणच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त, मुलगा एडिंबरात, त्यामुळे अधूनमधून तिकडं जाणं-येणं. वादाचा विषय असा, की युद्ध चालू असताना लोकप्रतिनिधींच्या सभागृहानं रोजचं कामकाज चालवावं का? मोठी गाजणारी चर्चा नव्हे. रोजचं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ज, रस्ता, पाणी, शाळा.

मी ऐकलं तसं लिहून काढलं आहे. अण्णांची पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं गाळली आहेत. बाईंची गाळलेली नाहीत, कारण त्या हे वाचणार आहेत.

अण्णा : घराला आग लागली की माणूस बादली शोधतो. हिशेबाची वही उघडून बसत नाही.

बाई : उघडली होती, अण्णा. एडिंबरात सेंट जाइल्सच्या मोठ्या चर्चमागे पार्लमेंट हॉल आहे. 1639 साली बांधून झाला. आता तिथं कोर्ट आहे, काळे झगे घातलेले वकील जोडीजोडीनं येरझाऱ्या घालत बोलतात. त्या दालनाची पहिली बारा वर्षं युद्धातच गेली. आधी राजा चार्ल्सशी, मग आपसात, मग क्रॉमवेलशी. 1645 ला शहरात प्लेग आला तेव्हा संसद बाहेर पडली. स्टर्लिंगला गेली, पर्थला गेली, शेवटी समुद्रकाठच्या सेंट अँड्र्यूजला जाऊन बसली. आणि तिथं, 1646 च्या फेब्रुवारीत, कायदा काय केला ठाऊक आहे? प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा हवी, आणि शाळामास्तरचं घर आणि पगार तिथल्या जमीनदारांनी द्यायचा. बाहेर प्लेग, देशात लढाई, आणि आत मास्तरच्या पगाराची चर्चा!

अण्णा : आणि त्याच सेंट अँड्र्यूजला जानेवारीत काय केलं, तेही सांगा. परवा तुम्हीच सांगितलंत.

बाई : फिलिपहॉच्या लढाईत पकडलेल्या राजाच्या माणसांवर खटले चालवले आणि काहींना मारलं.

अण्णा : म्हणजे एका महिन्यात मुंडकी उडवली आणि पुढच्या महिन्यात शाळा काढल्या! सभागृह चालू होतं म्हणून ते शहाणं होतं असं नाही, बाई. तेच सभागृह 1649 ला कायदा करून बसलं, की आमच्या मताचा नसेल त्याला पद नाही. पुढच्या वर्षी क्रॉमवेल चालून आला, तर यांनी लढाईच्या तोंडावर आपल्याच फौजेतून अनुभवी अधिकारी आणि शिपाई काढून टाकले, धर्मशुद्धी म्हणून. डनबारला काय झालं?

बाई : हरले. सपाटून.

अण्णा : मग?

(बाई इथं थोड्या थांबल्या. त्या कबूल करताना फार वेळ घेत नाहीत, हा त्यांचा गुण आहे. आणि कबूल करून झालं की विषय आपल्याला हव्या त्या गावाला नेतात, ही त्यांची खोड.)

बाई : सभागृह शहाणं असतं असं मी कधी म्हटलं? माझं म्हणणं एवढंच, की कामकाज चालू राहिलं तर त्याचा कागद राहतो. शाळेचा राहतो, तसा मुंडकी उडवल्याचाही राहतो. तुम्ही आज मला डनबारवरून बोलताय ते त्या कागदाच्या जोरावर. बरं, स्कॉटलंड राहू द्या. नेवाळीला चला.

अण्णा : मलंगगडाच्या रस्त्यावरचं नेवाळी?

बाई : तेच. दुसऱ्या महायुद्धात तिथं विमानांची धावपट्टी केली. नेवाळी आणि आसपासच्या गावांची हजारावर एकर जमीन सरकारनं युद्धासाठी घेतली. आज ती नौदलाकडे आहे. शेतकरी म्हणतात, लढाई संपली की परत मिळणार होती. 2017 च्या जूनमध्ये नौदलानं भिंत घालायला घेतली तेव्हा काय झालं ते सगळ्या कल्याणनं पाहिलं. पोलिसांच्या गाड्या पेटल्या, गोळ्या सुटल्या, रस्ता बंद. माझ्या वर्गात त्या गावांतली मुलं असायची. आजोबांची जमीन कुठं होती ते हाताने हवेत दाखवायची.

अण्णा : जमीन घेतली तेव्हाची वेळ बघा. 1942 च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. डिसेंबरात कलकत्त्यावर. ब्रह्मदेश गेलेला. मुंबई बंदर पश्चिमेचं सगळ्यात मोठं. अशा वेळी धावपट्टी करायची तर शेतकऱ्यांची सभा घ्यायची काय?

बाई : नको. जमीन घ्या. पण मुंबईच्या विधानसभेत एका आमदारानं उठून एवढंच विचारायला हवं होतं, की ही जमीन कोणत्या कलमाखाली घेतली, किती काळासाठी, भाडं काय, आणि युद्ध संपल्यावर तिचं काय करणार? मंत्र्यानं चार ओळींचं उत्तर दिलं असतं, आवडो न आवडो. ते कामकाजात छापलं गेलं असतं, तारखेसकट. पंचाहत्तर वर्षांनी नेवाळीच्या नाक्यावर दोन्ही बाजू ते पान हातात घेऊन भांडल्या असत्या.

अण्णा : मग विचारलं का नाही कोणी?

बाई : विचारायला सभागृहच नव्हतं! मुंबई इलाख्याची विधानसभा 1937 साली निवडून आली, 175 जागांची. मावळंकर सभापती, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. मग 1935 च्या कायद्याचं कलम 93, गव्हर्नरची राजवट, 1946 पर्यंत. म्हणजे जवळजवळ अख्खं महायुद्ध मुंबईची विधानसभा कुलपात. रेशनिंग 1943 ला आलं ते विधानसभेविना. 1944 च्या एप्रिलमध्ये गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटून अर्धी गोदी जळाली, त्यावरही विधानसभेत कोणी मंत्री उभा राहिला नाही. आणि गंमत सांगू? लिनलिथगो मूळचा एडिंबराजवळचाच. 1943 ला मुंबईचा गव्हर्नर होऊन आलेला सर जॉन कोलव्हिल हाही स्कॉटिश, 1938 ते 1940 ब्रिटिश मंत्रिमंडळात स्कॉटलंडचं खातं सांभाळलेला. तेव्हा स्कॉटलंडलाही स्वतःची संसद नव्हती, 1707 पासूनच नव्हती. सभागृह नसलेला देश चालवायचा त्याला सराव होता.

(हा शेवटचा टोमणा मला थोडा अन्यायाचा वाटतो. स्कॉटलंडचे खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये बसत होते, आणि ते सभागृह युद्धभर चालू होतं. 10 मे 1941 च्या रात्री कॉमन्सच्या दालनावर बॉम्ब पडून ते जळालं, तेव्हा खासदार आधी जवळच्या चर्च हाउसमध्ये आणि मग लॉर्ड्सच्या दालनात बसले. प्रश्न विचारत राहिले. पण बाईंना मध्येच थांबवायची पद्धत आमच्या कट्ट्यावर नाही.)

अण्णा : एक मिनिट. कुलूप कोणी लावलं? गव्हर्नरनं आमदारांना हाकललं नाही. काँग्रेसनं आपण होऊन राजीनामे दिले. ज्या हातांनी प्रश्न विचारायचे, तेच हात खिशात घालून मंडळी बाहेर पडली. तुमच्या शेतकऱ्याचा चार ओळींचा प्रश्न तिथं मेला.

बाई : हो. ते मला मान्य करावं लागेल. देशाला न विचारता युद्धात ओढल्यावर राजीनामा देणं राजकारण म्हणून बरोबर असेल. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अण्णा : आणि दुसरं. बंगालची विधानसभा चालू होती ना? तिथं मंत्री होते, प्रश्न होते, भाषणं होती. 1943 चा दुष्काळ थांबला?

माझ्या मते त्या सगळ्या आठवड्यांतला हा सगळ्यात जोरकस प्रश्न. बाईंनी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं.

बाई : नाही थांबला. लाखो माणसं मेली. पण बंगालच्या मंत्र्याला उभं करून विचारलं गेलं, धान्य किती आहे, कुठं आहे, कोणी साठवलं. तो खोटं बोलला असेल तर त्याचं खोटं छापलेलं आहे. आपल्याकडचं सांगते. ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग, तलासरी, डहाणू, उंबरगाव. उंबरगाव आज गुजरातेत, बाकीचा पालघर. तिथले वारली जमीनदारांकडे वेठीला राबायचे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं गुलाम, लग्नगडी म्हणायचे त्यांना. खेर सरकारनं डी. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला सांगितलं. त्यानं वेठीबद्दल स्पष्ट लिहिलं. अहवाल 1939 ला छापला गेला. आणि त्याच वर्षी सभागृह बंद! ज्या अहवालावर आमदारांनी मंत्र्यांना पिंजून काढायचं, त्यावर आमदारच नाहीत. मग तो प्रश्न गेला कुठं?

अण्णा : कुठं?

बाई : टिटवाळ्याला. तुमच्या-आमच्या लोकलच्या मार्गावर. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्यात किसान सभेची परिषद भरली, तिथं उंबरगावकडचे वारली आले. मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ करायची नाही. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. हे श्यामराव कोण? आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून 1937 ला निवडून आलेले आमदार. त्यांचं सभागृह बंद झालं, युद्धविरोधासाठी तुरुंगात गेले, बाहेर आले आणि सभागृहात विचारायचा प्रश्न माळरानावर विचारला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं मेली.

अण्णा : सभागृह चालू असतं तर गोळीबार टळला असता असं म्हणताय?

बाई : ते मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सभागृहात उत्तर द्यावं लागलं असतं, एवढं म्हणते.

अण्णा : ते इंग्रजांचं राज्य होतं. आपलं राज्य आल्यावरचं बोला. बासष्टचं बोला. मी तेव्हा शाळेत होतो, प्रभातफेऱ्या काढायचो, आईनं बांगडी दिली होती संरक्षण निधीला. तेव्हा संसद बंद नव्हती पडली. उलट लवकर बोलावली.

बाई : होय, आणि त्याचं श्रेय दोघांना. वाजपेयी राज्यसभेत होते, तिशीतले. त्यांनी मागणी केली, अधिवेशन आधी घ्या. नेहरूंनी ऐकलं. 8 नोव्हेंबरला संसद भरली. चीननं हल्ला केल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. लक्ष्मीमल्ल सिंघवींनी सुचवलं, गुप्त बैठक घ्या. नेहरूंनी ते मात्र नाकारलं, उघड्यावरच चर्चा होईल म्हणाले. शंभराहून जास्त खासदार बोलले. 14 नोव्हेंबरला ठराव झाला, आक्रमकाला पवित्र भूमीतून हुसकावून लावू असा.

अण्णा : आणि ठरावाची शाई वाळायच्या आत सेला पडलं, बोमडिला पडलं. शंभर भाषणांनी एक खिंड राखली नाही! बाई, मी तर पुढं जाऊन म्हणतो, संसदेनंच घोळ केला. 1959 पासून नेहरू श्वेतपत्रिका काढत होते, आणि दर अधिवेशनात खासदार विचारत होते, अमुक चौकीचं काय, तमुक दरीचं काय. त्या दबावाखाली बूट नसलेले जवान बर्फात पुढं सरकवले. पंतप्रधानाला मागं सरायला जागाच ठेवली नाही या मंडळींनी.

बाई : यात तथ्य आहे. पण तुम्ही भाषणाला प्रश्न म्हणताय. आता मी सांगते त्याकडं लक्ष द्या. त्या नोव्हेंबरच्या अधिवेशनात एक गोष्ट झाली नाही. प्रश्नोत्तराचा तास. लोकसभा रोज अकराला भरते आणि पहिला तास प्रश्नांचा असतो. 1962 च्या त्या अधिवेशनात सगळ्यांच्या संमतीनं तो तास रद्द केला. अकराचं सभागृह बाराला भरू लागलं. भाषणं ठेवली, प्रश्न काढले! मातृभूमी, हिमालय, रक्ताचा शेवटचा थेंब, यांना वेळ होता. बूट किती आले, कोणी पुरवले, रस्ता वेळेत का झाला नाही, याला वेळ नव्हता. पंतप्रधानाला कोपऱ्यात ढकलतात ती भाषणं, अण्णा. प्रश्नाला उत्तर असतं तरी किंवा नसतं.

अण्णा : आणि बुटांचा आकडा पेकिंग रेडिओनं ऐकला असता त्याचं काय? उद्या कोणी विचारेल, अंबरनाथला महिन्याला किती पितळ ओततात? मी तिथं होतो. त्या आकड्यावरून शत्रू गोळ्यांचा हिशेब मांडू शकतो. एकाहत्तरला आम्हाला घरीसुद्धा सांगायची बंदी होती काय काम करतो ते. बायको समजत होती मी कुलपं करतो.

बाई : (हसून) म्हणून सभापती असतो. राष्ट्रहिताच्या आड येणारा प्रश्न तो नाकारू शकतो, मंत्री उत्तर द्यायला नकार देऊ शकतो. चाळण आहेच. चाळण आहे म्हणून दळणच बंद करायचं का?

अण्णा : चर्चिलनं काय केलं ते बघा. गुप्त बैठका घेतल्याच ना?

बाई : घेतल्या. पण प्रश्न बंद केले नाहीत. 1942 च्या जूनमध्ये टोब्रुक पडलं आणि जुलैच्या सुरुवातीला त्याच्यावर अविश्वास ठराव आला. युद्ध ऐन भरात, रोमेल इजिप्तच्या दारात, आणि पंतप्रधान सभागृहात उभा राहून उत्तर देतोय. 475 विरुद्ध 25 नं तो जिंकला. त्या पंचवीस जणांना कोणी देशद्रोही ठरवून तुरुंगात नाही टाकलं.

अण्णा : आणि आपल्याकडं?

बाई : आपल्याकडं कृष्ण मेनन. उत्तर मुंबईचे खासदार, संरक्षणमंत्री. 31 ऑक्टोबरला संरक्षण खातं काढून घेतलं, पण संरक्षण उत्पादनमंत्री म्हणून मंत्रिमंडळात ठेवलं. म्हणजे आठवडाभर तुमचं अंबरनाथ त्यांच्याकडं. 7 नोव्हेंबरला तेही गेलं. संसद भरली कधी? 8 नोव्हेंबरला. अधिवेशनाची तारीख जवळ आली, त्याच धाकानं ते काम केलं. अजून एकही भाषण झालं नव्हतं. म्हणून म्हणते, सभागृह भरणं हीच निम्मी गोष्ट आहे.

अण्णा : आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण गेले, 21 नोव्हेंबरला शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री. त्या दिवशी कल्याण स्टेशनवर लोक एकमेकांना पेढे देत होते म्हणायचे वडील. तेव्हा ते खासदारही नव्हते. नंतर नाशिकमधून बिनविरोध. सगळे पक्ष बाजूला झाले. याला म्हणतात युद्धातलं शहाणपण.

बाई : यशवंतरावांबद्दल मी काही बोलणार नाही.

अण्णा : बोला, बोला.

बाई : माणूस योग्यच होता. पण ते मुंबई सोडून गेले, कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि त्या वर्षी नागपूरचं हिवाळी अधिवेशनच झालं नाही, चिनी आक्रमणामुळे. दिल्लीत, जिथं युद्धाचे निर्णय होतात, तिथली संसद लवकर भरली. आणि नागपूर, जे सीमेपासून पार मधोमध, तिथलं सभागृह बंद! चीनचा हल्ला काय बुटीबोरीवर होणार होता? विदर्भाला नागपूर करारानं दिलेलं ते एक अधिवेशन. कापूस, दुष्काळ, धान्याचे भाव, होमगार्डची भरती; नेमकी त्याच महिन्यांत विचारायची गोष्ट.

अण्णा : मुख्यमंत्री बदललेला. सगळी सरकारी यंत्रणा निधी गोळा करण्यात. मुंबईहून अख्खं सचिवालय रेल्वेनं नागपूरला हलवायचं, अधिकारी, फायली, गाड्या, आमदारांची राहण्याची सोय. त्या वेळी ते डबे लष्कराला लागत होते. मी तरी रद्दच केलं असतं.

बाई : हे मात्र कारण आहे. मान्य.

(अण्णा यावर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना वडापाव दिला. वादात जिंकल्याबद्दल कट्ट्यावर खर्च करायची वेळ जिंकणाऱ्यावर येते.)

बाई : पण लढाई संपली कधी? 21 नोव्हेंबर 1962. आणि त्या लढाईपायी लागलेली आणीबाणी उठली कधी? 10 जानेवारी 1968. एका महिन्याची लढाई, पाच वर्षांची आणीबाणी. भारत संरक्षण नियमांखाली माणसं पकडली जात होती. ते श्यामराव परुळेकर आठवतायत? 1957 ला तुमच्या ठाण्याचे खासदार झाले होते. 1965 च्या ऑगस्टमध्ये आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्धतेतच वारले. 1940 ला इंग्रजांनी युद्धाच्या नियमांखाली आत घातलं, पंचवीस वर्षांनी आपणही युद्धाच्याच नियमांखाली. तेव्हा युद्ध कुठं होतं?

अण्णा : ऑगस्टातच पाकिस्तान काश्मीरमध्ये घुसलं.

बाई : ते त्याच आठवड्यात. त्यांना त्याच्या आधीच धरलं होतं.

अण्णा : त्यांचा पक्ष चीनच्या बाजूचा म्हणून धरले. तेव्हा लोकांच्या मनात काय राग होता ते तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. माझे वडील अशा माणसांशी बोलत नसत.

बाई : तुमचे वडील बोलले नाहीत ते ठीक. सरकारनं त्यांच्याबद्दल उत्तर द्यायचं नाही, ते ठीक नाही.

इथं दोघंही थोडे तापले. मी विषय कारगिलवर नेला. तो अण्णांना सोयीचा जाईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. 1999 च्या एप्रिलमध्ये लोकसभा विसर्जित झालेली, सरकार काळजीवाहू, आणि मेपासून लढाई. विरोधकांनी मागणी केली, निदान राज्यसभा बोलवा, ती कधी विसर्जित होत नाही. बोलावली नाही. पंतप्रधान होते वाजपेयी, ज्यांनी 1962 ला अधिवेशन मागितलं होतं. बाई म्हणाल्या, खुर्ची बदलली की घड्याळही बदलतं. अण्णा म्हणाले, लढाई जिंकली ना? यावर दोघांचंही समाधान झालं, आपापल्या बाजूनं.

बाई : 2025 चं घ्या. 22 एप्रिलला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात आपल्या डोंबिवलीतली तीन माणसं गेली. त्यानंतर सगळा बाजार बंद होता. तुम्हीही भागशाळा मैदानावर होतात.

अण्णा : होतो.

बाई : मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं. विशेष अधिवेशन मागितलं गेलं, मिळालं नाही. संसदेत चर्चा झाली जुलैच्या अखेरीला, पावसाळी अधिवेशनात. तीन महिने! डोंबिवलीतल्या एखाद्या माणसाला विचारायचं होतं की बैसरनच्या कुरणात त्या दिवशी बंदोबस्त का नव्हता. कोणाला विचारायचं?

अण्णा : चार दिवसांची कारवाई. त्या चार दिवसांत वैमानिकांची नावं विचारायची होती का तुम्हाला?

बाई : चार दिवसांचं नाही बोलत. नंतरच्या ऐंशी दिवसांचं बोलते. आणि खासदाराकडून निराश होऊन नगरसेवकाकडं जावं, तर तोही नव्हता. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 ला संपली. निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. आधी साथ, मग आरक्षणाचा खटला. पाच वर्षं प्रशासक. ठाण्याचंही तेच, 2022 पासून. इथं ना जपानी विमान, ना चिनी तोफ, तरी सभागृह बंद.

अण्णा : पाणी आलं की नाही रोज? कचरा उचलला की नाही?

बाई : तुम्ही आता तुमच्याच विरुद्ध बोलताय. युद्धात सभागृह थांबवावं, असं तुम्ही म्हणत होतात. आता म्हणताय, शांततेतही नसलं तरी चालतं.

अण्णा : (थोडा वेळ गप्प राहून) तसं नाही म्हटलं मी. मी काय म्हणतो ते नीट ऐका. मी बत्तीस वर्षं अशा ठिकाणी काम केलं जिथं प्रश्न विचारायचा नसतो. त्याची सवय लागते, आणि ती वाईट सवय नाही. मशीन चालू असताना हात घालायचा नाही. पण मशीन थांबल्यावर आमच्याकडंही चौकशी व्हायची. धातूचा एक लॉट खराब निघाला तर कोणाच्या पाळीत, कोणत्या भट्टीत, सगळं काढायचे. माणूस निलंबित व्हायचा. तेव्हा माझं म्हणणं असं आहे, की प्रश्न विचारा, वाटेल तितके विचारा. उत्तर बंद पाकिटात ठेवा. लढाई संपल्यावर, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, पाकीट उघडायचं. सगळ्यांसमोर. शत्रूला कळायचं नाही आणि कागदही राहील. झालं तुमचं समाधान?

बाई : तसं पाकीट आहे एक.

अण्णा : कोणतं?

बाई : बासष्टच्या पराभवाची चौकशी केली, लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी. 1963 ला अहवाल दिला. यशवंतराव संरक्षणमंत्री होते, त्यांनी सप्टेंबर 1963 ला संसदेत त्यावर निवेदन केलं. अहवाल ठेवला नाही, सुरक्षेचं कारण दिलं. तेव्हा ते कारण खरं असेलही. त्यानंतर सगळ्या पक्षांची सरकारं आली. विरोधात असताना मागतात, सत्तेत आले की तेच उत्तर. 2014 ला एका परदेशी पत्रकारानं त्यातला काही भाग आपण होऊन जगासमोर टाकला. सरकारनं अजून उघडलेला नाही.

अण्णा : साठ वर्षं झाली!

बाई : साठ होऊन गेली.

अण्णा : तेव्हाच्या तोफा आता संग्रहालयात आहेत. त्यात लपवायचं काय उरलं? (बराच वेळ काही बोलले नाहीत.) मग कायद्यातच लिहायला हवं. अमुक वर्षं झाली की पाकीट आपोआप उघडलं पाहिजे. सरकारनं ठरवायचं नाही.

बाई : लिहायला हवं खरं. सरकार आणणार नाही असं विधेयक. एखाद्या खासदारानं खासगी विधेयक म्हणून मांडावं लागेल.

अण्णा : ते कधी घेतात?

बाई : लोकसभेत शुक्रवारी. दुपारनंतरचे शेवटचे अडीच तास.

अण्णा : आठवड्याचे अडीच तास? आणि त्यातही खासदार गावी जायला विमानतळावर असणार. आपला कोण आहे हो खासदार, त्याचं ऑफिस कुठंशी आलं? मी लिहून देतो अर्ज. मराठीत चालतो ना?

बाई : चालतो. पण तुम्ही ऑर्डनन्समध्ये होतात हे त्यात लिहा.

अण्णा : ते कशाला? ते लिहायची परवानगी आहे का, ते आधी विचारावं लागेल मला.